प्रत माहितीसाठी रवाना

कॉलनीच्या मागच्या मोकळ्या जागेत गेल्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी सिमेंटचे खांब येऊन पडले. दुपारपर्यंत खड्डे खणून झाले होते. मी विचारायला गेले तर तिथला मुकादम म्हणाला, ‘प्लॉट विकलाय मॅडम, कंपाउंड घालायचंय.’

ती जागा म्हणजे बेचाळीस प्लॉटच्या आमच्या कॉलनीचं अंगण. १९८४ मध्ये माझ्या सासऱ्यांनी इथे प्लॉट घेतला, तेव्हापासून तिथे मुलं खेळतात, दोन मोठी कडुनिंबं आहेत, म्हातारी माणसं संध्याकाळी बसतात. ती ले-आउटमधली खुली जागा आहे, विकता येत नाही, हे कॉलनीत प्रत्येकाला माहीत होतं. पण त्याच संध्याकाळी आम्ही महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार घेऊन गेलो, तेव्हा अभियंत्यांनी एकच वाक्य सांगितलं: ‘खुली जागा असल्याचा कागद आणा, उद्या काम थांबवतो.’ आणि बेचाळीस घरांत मिळून तो कागद कोणाकडेच नव्हता.

तो शोधायला मला सात महिने लागले. अशीच वेळ कोणावर आली, तर त्याचे निदान तीन-चार महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात चुकली ती अर्जापासून. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा एवढं ठाऊक होतं. जोडपत्र ‘अ’चा नमुना मिळवला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि मनातला सगळा संताप त्यात ओतला. ही जागा कोणी विकली, का विकली, महापालिकेने अजून कारवाई का केली नाही, जबाबदार कोण. पंचविसाव्या दिवशी उत्तर आलं: आपण विचारलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. तेव्हा फार राग आला. नंतर कायदा वाचला तर अधिकाऱ्यांचं बरोबर होतं. २००५ च्या या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे कागद, नकाशा, नोंदवही, फाइल अशा रूपात जे आधीपासून आहे ते. ‘का’ याचं उत्तर कागदावर लिहिलेलं असेल तरच ते मागता येतं. महाराष्ट्राच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, २०१२ च्या दुरुस्तीने आलेली: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. सुरुवातीला ही अट जाचक वाटली. पण तिच्यामुळेच मला नेमकं काय हवंय ते ठरवावं लागलं.

दुसरा अर्ज चार ओळींचा होता. आमच्या पत्त्यातच सर्व्हे नंबर आहे, तो दिला आणि ‘या सर्व्हे नंबरमधील मंजूर रेखांकनाच्या नकाशाची व मंजुरीच्या आदेशाची साक्षांकित प्रत मिळावी’ एवढंच लिहिलं. रेखांकन म्हणजे ले-आउट. प्रत का हवी ते लिहिलं नाही. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही. ३० दिवसांची मुदत असते. एकोणतिसाव्या दिवशी टपाल आलं. ‘या कार्यालयाच्या अभिलेखात शोध घेतला असता सदर संचिका आढळून आली नाही.’

हे वाक्य ज्यांनी वाचलंय त्यांना त्याचं वजन माहीत आहे. दार बंद झालं असं वाटतं. कॉलनीतले काही जण तिथेच थांबले. एकाने दलाल गाठायचं सुचवलं. अमुक हजार दिले की दोन दिवसांत नकाशा हातात. मी नको म्हटलं. एक तर तत्त्वाचा प्रश्न होता. आणि पुढे सुनावणीत ‘ही प्रत कुठून आली’ असं विचारलं गेलं, तर आवक क्रमांक नसलेला, शिक्का नसलेला कागद आमच्याच अंगावर आला असता.

याच सुमारास एका ओळखीच्या निवृत्त कारकुनांनी मला सोमवारचं सांगितलं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने एक शासन निर्णय काढला आहे. स्थानिक स्वराज्य संस्था आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. मी त्या निर्णयाची प्रत छापून पिशवीत ठेवली आणि सोमवारी तीनला हजर झाले. खिडकीवरच्या मुलीला तो निर्णय माहीत नव्हता. तिने तो नीट वाचला, आत जाऊन साहेबांना दाखवला आणि मला अभिलेख कक्षात पाठवलं. मी आवाज चढवला असता तर बहुतेक तासभर बाकावर बसून परत आले असते. आपण भांडायला आलो आहोत असं वाटलं की समोरचा माणूस आखडतो. आपण शोधायला आलो आहोत असं वाटलं की तोही शोधायला लागतो. हे मी पुढच्या प्रत्येक कार्यालयात पाहिलं.

अभिलेख कक्ष तळघरात होता. लोखंडी घोडे छतापर्यंत गेलेले, त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे. गठ्ठ्याच्या तोंडावर पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर विभाग, वर्ष आणि एक अक्षर. ते अक्षर महत्त्वाचं. ‘अ’ म्हणजे कायम जपायचा कागद, ‘ब’ म्हणजे तीस वर्षांचा, ‘क’ त्याहून कमी वर्षांचा आणि ‘ड’ म्हणजे वर्षभराने नष्ट करायचा. आपल्याला हवा असलेला कागद कोणत्या वर्गात मोडतो हे कळलं, की तो अजून असायला हवा की नाही हेही कळतं. रेखांकनाचा नकाशा ‘अ’ वर्गातला. तो नाही म्हणजे हरवलाय, किंवा मुळात इथे नव्हताच.

तिथले अभिलेखपाल पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. मी त्यांच्यापुढे पुन्हा तीच मागणी ठेवली, १९८४ च्या आधीची रेखांकनाची फाइल. त्यांनी फाइल शोधलीच नाही. एक जाड नोंदवही काढली, १९८० ते १९८५ च्या मंजुऱ्यांची. तिच्यातल्या गावांच्या नावांवरून बोट फिरवत गेले आणि म्हणाले, ‘ताई, तुमचं गाव यात नाहीच. तेव्हा तुम्ही आमच्या हद्दीत कुठे होता? तुमच्याकडे ग्रामपंचायत होती. हद्दवाढीत आलात तुम्ही.’

मी तिथेच स्टुलावर बसले. ‘आढळून आली नाही’ हे उत्तर खोटं नव्हतं. ज्या कार्यालयाने ती मंजुरी दिलीच नव्हती, त्याच्याकडे मी ती मागत होते. आज आपल्या दारात महापालिकेची घंटागाडी येते म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा कागदही महापालिकेकडेच असणार, असं आपण धरून चालतो. खरा पहिला प्रश्न असा असायला हवा होता: त्या वर्षी ही जागा कोणाच्या हद्दीत होती, आणि तेव्हा परवानगी कोण देत होतं? आज वाढलेल्या बहुतेक शहरांच्या कडेच्या वस्त्यांना हा प्रश्न लागू आहे.

अभिलेखपालांनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. एक, फाइल मागण्याआधी नोंदवही मागायची. फाइल हलते, दुसऱ्या टेबलावर जाते, कोर्टात जाते, कोणाच्या तरी कपाटात राहते. आवक-जावक नोंदवही सहसा जागची हलत नाही, आणि फाइल कुठे गेली ते तिच्यातच लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट, हद्दवाढ होते तेव्हा ग्रामपंचायतीचं दप्तर यादी करून महापालिकेला सोपवलं जातं. ‘ती हस्तांतरणाची यादी मागा,’ ते म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर सासऱ्यांची ट्रंक उघडली. १९८४ चं खरेदीखत मी आयुष्यात एकदाही पूर्ण वाचलं नव्हतं. आपण त्यातली नावं आणि रक्कम बघतो आणि घडी घालून ठेवतो. यावेळी पहिल्या ओळीपासून वाचलं. ‘तुकडी जिल्हा... पोटतुकडी तालुका... ग्रामपंचायत हद्दीतील’ असं मिळकतीचं वर्णन समोर होतं, आणि त्याखाली, ‘मे. जिल्हाधिकारीसो यांचेकडील मंजूर ले-आउटप्रमाणे प्लॉट नंबर सतरा’. क्रमांक नाही, तारीख नाही, पण पत्ता मिळाला होता. मंजुरी महसूल खात्याकडून आली होती. शेतजमिनीवर घरं बांधायची तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली बिनशेती परवानगी लागत असे, आणि तिच्या आदेशासोबत रेखांकन मंजूर होत असे.

आता आदेशाचा क्रमांक हवा होता. तो सातबाऱ्याने दिला. जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून अनेक जिल्ह्यांसाठी ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. आमच्या गावाचा जुना सातबारा मला तिथे दिसला. सातबाऱ्यावर नावांच्या शेजारी गोलात आकडे असतात. लहानपणापासून ते मी वडिलांच्या शेताच्या उताऱ्यावर पाहत आले होते, पण त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता. तो गोलातला आकडा म्हणजे फेरफाराचा क्रमांक. जमिनीच्या नोंदीत काहीही बदल झाला की गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत त्याची हकिकत लिहिली जाते आणि त्या हकिकतीचा नंबर सातबाऱ्यावर गोल करून टाकला जातो. १९८२ च्या आसपासचे तीन गोल मी टिपून घेतले, तलाठी कार्यालयातून तिन्ही फेरफारांच्या नकला काढल्या. दुसऱ्या फेरफारात तलाठ्याच्या सुरेख वळणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं की जिल्हाधिकारी कार्यालयाकडील अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या आदेशाने सदर क्षेत्र बिनशेती झाले, सबब नोंद केली. खाली मंडल अधिकाऱ्यांची सही.

त्या ओळीवर मी कितीतरी वेळ बोट ठेवून होते. चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने टाक बुडवून आपलं काम चोख केलं होतं.

याच दिवसांत खुल्या जागेचा आजचा सातबाराही काढला, आणि विक्री कशी झाली ते उमगलं. प्लॉट एकेक करून विकले गेले, त्यांवर घेणाऱ्यांची नावं लागली. खुली जागा आणि रस्ते मात्र कोणाच्या नावे करून द्यायचे राहून गेले. मूळ मालकाचं नाव तसंच राहिलं, ते गेल्यावर वारसांची नावं लागली, आणि वारसांनी आपल्या नावावर जमीन दिसते म्हणून विकली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवताना मालकी खरी की खोटी याचा निवाडा होत नाही, फक्त दस्त नोंदवला जातो. तो दस्त कोणीही पाहू शकतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांची सूची सर्वांना खुली आहे. इंडेक्स २ ची, म्हणजे त्या सूचीतल्या नोंदीची, प्रत मी अशीच काढली. तिथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायची गरज नव्हती. ज्या कागदासाठी कार्यालयात नकलेची खिडकी आहे, तिथे खिडकीनेच जावं; तीस दिवस वाचतात.

तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज दिला, क्रमांक आणि तारखेसकट. क्रमांक असल्यावर सगळं किती बदलतं! ‘वर्ष सांगा, नंबर सांगा’ या प्रश्नापुढे मी चार महिने गप्प उभी राहत होते. यावेळी चिठ्ठी पुढे केली आणि तिथल्या भाऊसाहेबांनी आठवड्याने बोलावलं. आठवड्याने टेबलावर एक गठ्ठा सोडलेला होता. कार्बन ठेवून टाइप केलेली तीन पानं, कडा तपकिरी, टाचणीचा गंज कागदात उतरलेला. बारा अटी होत्या. सातवी अट: रेखांकनात दर्शविलेली खुली जागा व रस्ते कायम मोकळे ठेवावेत, त्यांची विभागणी अथवा विक्री करू नये.

पण आदेशाला जोडलेला नकाशा फाइलमध्ये नव्हता. टाचणीची भोकं होती, नकाशा नव्हता. अट होती, पण ती कोणत्या तुकड्याला लागू ते दाखवणारा कागद नव्हता.

भाऊसाहेबांनी आदेश उलटून शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. सही-शिक्क्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, जिथे आपली नजर कधी जात नाही, तिथे लिहिलं होतं ‘प्रत माहितीसाठी रवाना’, आणि खाली पाच नावं. तहसीलदार. सहायक संचालक, नगररचना. तालुका निरीक्षक, भूमि अभिलेख. सरपंच, ग्रामपंचायत. अर्जदार.

सरकारी कागद एकटा जन्माला येत नाही. तो निघतो तेव्हाच त्याच्या चार-पाच जुळ्या प्रती वेगवेगळ्या कार्यालयांत जातात, आणि कोणाकडे गेल्या ते त्याच्याच पोटात लिहिलेलं असतं. एका ठिकाणी वाळवी लागली, पाणी शिरलं, कोणी नकाशा काढून घेतला, तरी बाकीच्या प्रती असतात. माझ्या सात महिन्यांचं सार कोणी विचारलं तर मी हा डावा कोपरा दाखवीन.

यादीतलं तिसरं नाव मी निवडलं, कारण मोजणी झाल्याशिवाय प्लॉट पडत नाहीत आणि मोजणी भूमि अभिलेख खातंच करतं. ‘तालुका निरीक्षक’ नावाचं कार्यालय आज शोधून सापडणार नाही. आता त्याला उपअधीक्षक, भूमि अभिलेख म्हणतात. जुन्या कागदावरचं कार्यालय आज कोणत्या नावाने चालतं हे आधी विचारून घ्यावं लागतं, नाहीतर अर्ज फिरत राहतो. तसं झालंच तर कलम ६(३) आहे: चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

भूमि अभिलेख कार्यालयात मागायचा कागद मला भाऊसाहेबांनीच सांगून ठेवला होता, ‘कजाप’ म्हणजे कमी-जास्त पत्रक. एका सर्व्हे नंबरचे तुकडे पडतात तेव्हा प्रत्येक तुकड्याचं क्षेत्र त्यात लिहितात. नकलेची फी भरली, अठराव्या दिवशी प्रत तयार झाली. बेचाळीस ओळी प्लॉटच्या, मग रस्ते, आणि शेवटची ओळ: खुली जागा, १५ आर. सोबत मोजणीचा नकाशा, त्यावर आमची कॉलनी वरून पाहावी तशी. प्लॉट सतरा ओळखला. मागे लांबट चौकोन, त्यात हाताने लिहिलेले दोन शब्द. उजव्या बाजूला ताजा जांभळा शिक्का, ‘खरी नक्कल’.

मी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून कॉलनीतल्या काकांना फोन लावला. ते नव्वदीला आले आहेत, कडुनिंब त्यांनी लावलेले. काही क्षण ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘उद्या मला दाखव. डोळ्यांनी बघू दे.’

महापालिकेतला धागाही मी सोडला नव्हता. ‘आढळून आली नाही’ या उत्तरावर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील केलं होतं, जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचं तिकीट. त्यात दोनच मुद्दे मांडले. माहिती नाकारण्याची कारणं कायद्याच्या कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत आणि त्यांत ‘सापडत नाही’ हे कारण नाही. दुसरं, महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे अभिलेख सांभाळणं ही कार्यालयाची जबाबदारी आहे, आणि त्यात कसूर झाली तर शिक्षेची तरतूद आहे. सुनावणी दहा मिनिटांची झाली. अपिलीय अधिकाऱ्यांनी हद्दवाढीच्या वेळच्या हस्तांतरणाची यादी पंधरा दिवसांत विनामूल्य देण्याचा आदेश दिला. यादी आली. तिच्यात एक नोंद होती, ‘ले-आउट नकाशे, नग ७’. म्हणजे आमच्या गावचे सात नकाशे महापालिकेने घेतले होते. ते आज कुठे आहेत याचा शोध सुरू असल्याचं पत्र माझ्याकडे आहे. त्यावर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत करता येतं. ते मी केलं आहे, कारण त्या सातांतले सहा नकाशे दुसऱ्या कॉलन्यांचे असणार.

ऑक्टोबरमध्ये आदेश, कजाप, नकाशा आणि फेरफार, चारही नकला घेऊन आम्ही अकरा जण पुन्हा त्याच अभियंत्यांकडे गेलो. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, बराच वेळ पाहिला आणि काम थांबवण्याची नोटीस त्याच दिवशी काढली. विक्रीचं प्रकरण आता दिवाणी न्यायालयात आहे. खांब अजून तिथेच आडवे पडले आहेत, पण मुलं त्यांच्यामधून खेळतात.

निघताना मी एक जादा संच काढून ठेवला होता. तो आवक विभागात दिला, वर एक अर्ज लावून: सोबतच्या साक्षांकित प्रती आमच्या सर्व्हे नंबरच्या संचिकेत कायमस्वरूपी सामील करून घ्याव्यात. कारकुनाने विचारलं, ‘पण या नंबरची संचिकाच नाही आमच्याकडे, सामील कशात करू?’ मी म्हटलं, ‘मग यानेच नवी उघडा.’ त्यांनी साहेबांना विचारून कपाटातून कोरं फोल्डर काढलं, त्यावर आमच्या गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर लिहिला, कोपऱ्यात ‘अ’ काढला आणि नोंदवहीत क्रमांक चढवला. तो क्रमांक मी माझ्या वहीत उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी काकांकडे नकाशा घेऊन गेले.